सोवनींच्या घरी समाचारबंदी

लंडनच्या स्टॅनमोर भागातल्या मराठी मंडळींत नाताळपासून बातमी पक्की होती: रघुवीर सोवनी पितो. चांगलं कपाट भरून पितो. लिव्हर गेलंय म्हणजे दुसरं काय असणार? आता तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून कोणाला घरात घेत नाही.

बातमी साफ खोटी. सोवनीनं जन्मात घोटभर बिअर घेतली नाही. ऑफिसच्या ख्रिसमस पार्टीत हा लेमोनेड मागायचा आणि वर ट्रायफल पुडिंगच्या तीन वाट्या रिचवायचा. त्याचं लिव्हर खाल्लं ते श्रीखंडानं, मराठी मंडळाच्या जिलब्यांनी, आणि ‘शुगर जरा बॉर्डरवर आहे’ असं दहा वर्षं हसत सांगण्यानं. आधी चरबी साचली, मग व्रण पडत गेले, शेवटी सिरॉसिस. पण जिलबीची बातमी कोणालाच नको होती. मग प्रत्येकाला स्वतःच्या ताटात बघावं लागलं असतं.

एके काळी स्टॅनमोरमध्ये कोणी आजारी पडलं की पहिला हजर सोवनीच. हातात सुपरमार्केटची संत्री. ‘नागपूरची नाहीत हं’ म्हणून माफी मागणार, दोन चहा घेणार, आणि पेशंटचा डोळा लागतोय असं दिसलं की आपला मेव्हणा कसा गेला ते पहिल्यापासून सांगणार. त्यामुळे तो स्वतः पडल्यावर सगळं गाव परतफेडीला धावलं.

घोळ इथेच झाला. हॉस्पिटलच्या डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, लिव्हर इतकं बिघडलं की रक्तातल्या पांढऱ्या पेशीही कामातून जातात. जंतू समोर आला तरी त्यांच्यानं तो मारवत नाही. सोवनीनं बायकोला, स्वातीला, गाडीत बसल्यावर त्याचं मराठी करून सांगितलं, “अगं, आपल्या मंडळाची कमिटी. मीटिंगला उगाच आरडाओरडा, आणि खुर्च्या उचलायच्या वेळी एक माणूस सापडत नाही.”

एवढं कळूनही भिडेपोटी एका रविवारी त्यानं आठनऊ जणांना आत घेतलं. एक जण खोकत होता. “हे फीवर, फुलांच्या परागांची ॲलर्जी,” म्हणाला. नोव्हेंबरात!

त्याच आठवड्यात सोवनी बिघडला. ताप नाही, काही नाही. स्वाती म्हणाली सोफा खिडकीकडे सरकवू या, तर म्हणाला, “तू म्हणशील तसं.” तिनं शंका येऊन विचारलं, आईला उन्हाळाभर बोलावू का? “बोलाव की.” स्वातीनं तडक ९९९ फिरवून ॲम्ब्युलन्स बोलावली. न्यूमोनिया निघाला, त्यानंच डोकं भरकटलं होतं. वाचला, पण नव्या लिव्हरसाठी थांबलेल्यांच्या यादीतून त्याचं नाव तात्पुरतं बाजूला काढलं गेलं. ते आत्ता कुठे परत आलंय. पुन्हा इन्फेक्शन झालं आणि नेमकं तेव्हाच लिव्हर आलं, तर ते दुसऱ्याला जाणार.

तेव्हापासून समाचार खिडकीतून. पाहुणे घरासमोरच्या ड्राइव्हवे‍वर छत्री धरून उभे, आणि सोवनी काचेआड फोन स्पीकरवर टाकून बसलेला. पिंजऱ्यातला वाघ बघावा तसं लोक त्याला बघून जायचे आणि म्हणायचे, बारीक झालाय.

परवा मंडळाच्या सेक्रेटरी मंजिरी उकिडवे आल्या. हातात फ्लास्क, कानाला फोन, नाक गाजरासारखं लाल.

“रघुवीरराव, दार उघडा. इम्युनिटीचा काढा आणलाय, गुळवेलीचा.”

“गुळवेल बंद आहे मला. लिव्हरलाच बाधू शकते म्हणतात.”

“इंग्रज डॉक्टरांना काय कळतीय गुळवेल!”

“आमच्या डॉक्टर सोलापूरच्या आहेत.”

मंजिरीताईंनी दोन शिंका दिल्या.

“सर्दी का हो?”

“छे! सेंट्रल हीटिंगचा त्रास.”

त्या ड्राइव्हवे‍वर उभ्या होत्या. तिथे कसलं आलंय हीटिंग? पण बाहेर पाऊस वाढला, बाईंची साडी भिजायला लागली, आणि जन्मभराच्या सवयीनं सोवनी उठून दारापाशी गेला. हात कडीवर पडला. स्वाती मागे उभी होती. त्यानं हात खाली घेतला आणि परत खिडकीशी येऊन बसला.

मंजिरीताईंच्या रागाचा पारा चढला. “आपल्या माणसांना असं पावसात उभं करता? उद्या काही कमीजास्त झालं तर कोण येणार तुमच्याकडे?”

सोवनी फोन तोंडाजवळ नेऊन म्हणाला, “मंजिरीताई, मी गेलो की सगळे आत या. शिंका, खोका, काय वाट्टेल ते करा. तोवर तिथूनच बोला.”