कोपऱ्यातलं बोट

जुळे सोलापुरातल्या प्रभाताईंची नजर आज शाबूत आहे ती इंद्रायणीमुळे. हे त्या भाजीवालीपासून बँकेतल्या कॅशियरपर्यंत सगळ्यांना सांगतात, आणि ऐकणाऱ्याला घाई असली तरी पूर्ण सांगतात. इंद्रायणी राहते स्कॉटलंडच्या उत्तरेला, समुद्राकाठच्या एका गावात. चित्रकार आहे. डॉक्टरकीशी तिचा काडीचा संबंध नाही.

दोघी शाळेत एका बाकावर बसायच्या. इंद्रायणी चित्रकला शिकायला म्हणून गेली ती गेलीच. प्रभाताई एका कॉलेजच्या ऑफिसात लागल्या आणि तिथूनच रिटायर झाल्या. पुढे कुणाकडून तरी मैत्रिणीचा नंबर मिळाला आणि प्रभाताईंनी आनंदाच्या भरात रोज सकाळी गुलाब पाठवायला सुरुवात केली. दवाचे थेंबवाले, सुविचारवाले, वाफाळत्या कपाशेजारचे. बरेच दिवस सोसून इंद्रायणीने शेवटी फोन केला.

"प्रभे, तुझ्या गुलाबांनी माझा फोन तुंबलाय. पाठवायचंच असेल तर तू स्वतः काढलेला फोटो पाठव. रोज एकच. मीही पाठवीन. पहिला निघेल तोच पाठवायचा, निवडत बसायचं नाही. आणि खाली एक अक्षर लिहायचं नाही."

"अगं, पण इथं फोटो काढण्यासारखं आहे काय?"

"ते मी ठरवीन."

प्रभाताई दोन दिवस फुगून बसल्या. तिसऱ्या दिवशी दुकानातल्या कडक भाकरीच्या चळतीचा फोटो पाठवला. तिकडून आला ओल्या धक्क्यावर पडलेला एक बूट. एवढी मोठी चित्रकार आणि बूट पाठवते म्हटल्यावर प्रभाताईंचीही भीड चेपली. मग तापलेल्या स्कूटरच्या सीटवर टाकलेलं ओलं फडकं गेलं, गच्चीवर वाळणाऱ्या चादरी गेल्या, वर्तमानपत्राच्या वर दिसणारं नवऱ्याचं, गंगाधररावांचं, टक्कलही गेलं. "घरात चहा झाला नाही तरी चालेल, विलायतेला फोटो गेला पाहिजे," असं गंगाधरराव म्हणायचे, पण म्हणताना केसांवरून, म्हणजे होते तेवढ्या केसांवरून, हात फिरवून घ्यायचे.

रिटायर झाल्यावर दिवस ढकलायचा कसा हा प्रभाताईंना घोर होता. आता दिवस पुरेना. रोजच्याच रस्त्याने त्या नवीन आल्यासारख्या बघत चालायच्या. हे एवढं एकच देणं असतं तरी इंद्रायणीचे उपकार फिटले नसते.

त्यांची एक गंमत होती. लहानपणी वडिलांच्या कॅमेऱ्याच्या भोकातून बघायची सवय लागलेली, म्हणून मोबाइलवर फोटो काढतानाही त्या डावा डोळा गच्च मिटून घ्यायच्या. गंगाधररावांनी समजावून पाहिलं. उपयोग शून्य.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला त्यांनी कोपऱ्यावरच्या जगदेवी भाजीवालीचा फोटो काढला. जगदेवी अक्कलकोटकडची, जिभेला विश्रांती नाही. लगेच म्हणाली, "अक्का, दावा की मला."

दोघींनी बघितलं. मेथीची जुडी झकास आली होती, वांगी तर फारच देखणी. डावीकडे जगदेवी होती आणि तिच्या तोंडावर प्रभाताईंचं जाडजूड बोट.

"आगं बया! माझ्या तोंडावर बोट ठिवलंय की तुमी! मी लई बोलते म्हनून व्हय?"

दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. नियम तो नियम, तोच फोटो गेला.

दुपारी इंद्रायणीचा फोन आला. एवढ्या वर्षांत फोटोवर ती कधी बोलली नव्हती.

"प्रभे, तू फोटो काढताना अजून डावा डोळा मिटतेस?"

"हो. का गं?"

"आता मिट. समोर काय आहे?"

"कॅलेंडर."

"कॅलेंडरवरची नजर हलवू नकोस. त्याच्या डावीकडे काय दिसतं?"

"काही नाही. भिंत."

"आता दोन्ही डोळे उघड."

कॅलेंडरच्या डावीकडे घड्याळ होतं. लग्नापासून तिथंच होतं. प्रभाताईंनी पुन्हा डावा डोळा मिटला. भिंत होती, घड्याळ नव्हतं. "इंद्रे, घड्याळ कुठं गेलं गं?"

"दिवाळीपासून तुझ्या फोटोत डावीकडे बोट येतंय," इंद्रायणी म्हणाली. "आधी वाटलं, घाईत असशील. पण दिसत असताना माणसाच्या तोंडावर बोट ठेवणारी तू नव्हेस. आजच्या आज डोळे दाखव."

"चष्म्याचा नंबर बदलला असेल गं. पुढच्या महिन्यात मुलगा येतोय पुण्याहून, तेव्हा..."

गंगाधरराव शेजारी बसून ऐकत होते. त्यांनी बायकोला विचारलंसुद्धा नाही, रिक्षा आणायला निघाले.

काचबिंदू होता. डॉक्टरबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. उजव्या डोळ्याची नाकाकडची, म्हणजे डावीकडची, नजर गेली ती गेली. डाव्यातही सुरुवात झालेली. "एका डोळ्याचं उणं दुसरा भरून काढतो, म्हणून पत्ता लागत नाही. दोन्ही गेल्यावर लोक येतात. तुम्ही वेळेत आलात. रोज थेंब घाला, आहे ते आपण टिकवू."

प्रभाताईंनी थेंब चुकवले नाहीत. दिवाळीच्या आधी पुन्हा तपासणी झाली. डॉक्टरबाईंनी आधीच्या आणि आताच्या तपासणीचे कागद शेजारी ठेवले आणि म्हणाल्या, "नजर तसूभरही कमी झाली नाही." प्रभाताई दवाखान्याच्या पायऱ्यांवरच बसल्या. समोर रस्ता होता, रिक्षा होत्या, बोरं विकणारा होता, आणि सगळं दिसत होतं. त्यांना रडू आवरेना. तिथूनच त्यांनी इंद्रायणीला फोन लावला.

"इंद्रे, तुझे आभार कसे मानू गं? सख्ख्या माणसांच्या लक्षात आलं नाही ते तुझ्या आलं."

"माझे बाबा कपाच्या शेजारी चहा ओतायचे," इंद्रायणी म्हणाली. "फोनवर आई म्हणायची, हल्ली यांचं लक्षच नसतं. मी तिथं पोचले तेव्हा बाबांनी मला आवाजावरून ओळखलं. हाच आजार. आभार मानू नकोस, प्रभे. बाबांना मी दोन-दोन वर्षांनी बघायचे. तुला रोज बघते."