टाकीत ओतलेली माकगोली

दक्षिण कोरियात हेनाममधल्या रताळ्याच्या शेवयांच्या कारखान्यात प्यो दोक-सू यांनी सव्वीस वर्षं सांडपाण्याची तळी सांभाळली. पाण्यात स्टार्च जास्त झालाय की हवा कमी पडलीय, हे ते नुसत्या वासावरून सांगत. स्वभाव महातिरसट. पण सगळे त्यांना 'मुकादम' म्हणत आणि तेवढ्यावर त्यांची मान ताठ असे.

मग मेंग जू-ही नावाची संशोधक बाई स्टीलची टाकी घेऊन आली. टाकीत म्हणे जनुकं बदललेलं यीस्ट. ते स्टार्च खाणार, पाणी स्वच्छ करणार, वर विकण्याजोगं एन्झाइमही देणार. टाकी नीट चालली की तळी बुजवायची आणि दोक-सूंना फाटकावर राखणीला बसवायचं, असं मालकांनी जाहीर केलं. तळी गेल्यावर मुकादम कशाचे?

"बाहेरचं यीस्ट आत शिरलं तर सगळा विचका होईल," बाई कामगारांना बजावत होती. दोक-सू ऐकायला पुढे सरकले.

"आजोबा, तुम्ही राहू द्या. तुम्ही फरशी बघा."

अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला आजोबा! तेही सगळ्यांदेखत! दोक-सूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

नव्या यंत्राची पूजा रीतसर झाली. तिथल्या रिवाजाप्रमाणे डुकराचं डोकं मांडलं, सगळे वाकले, दोक-सूंनी चारी कोपऱ्यांत माकगोली शिंपडली. बायकोनं घरी केलेली, अजून यीस्टनं फसफसणारी तांदळाची दारू. मंडळी खायला वळली, तेव्हा उरलेला वाडगा त्यांनी झाकण उघडून टाकीत ओतला.

आठवड्यात पाणी आंबलं, एन्झाइमचा पत्ता नाही. बाईनं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर भलतंच यीस्ट माजलेलं.

"पूजेच्या दिवशी मुकादमांनी उरलेली माकगोली आत ओतली होती," एक कामगार बोलून गेला.

मालक हसले. "जुना माणूस. श्रद्धेनं केलं असणार. त्याला काय कळतंय?"

"चूक माझीच," बाई म्हणाली. "झाकणाला कुलूप हवं होतं. आजोबांना कसं कळणार?"

नवं यीस्ट सोमवारी येणार होतं. दोक-सूंनी फक्त गप्प बसायचं होतं, फाटकावरची नोकरी तरी मिळाली असती. पण ती कीव त्यांना सोसवेना.

"कळत होतं," ते म्हणाले. "बाहेरचं यीस्ट गेलं की विचका, हे तुम्हीच सांगितलंत ना? म्हणून तर ओतली."

मेंगबाईनं पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्या नजरेत कीव नव्हती, भीती होती. नोकरी त्याच दुपारी गेली.