कुलूपबाईने न उघडलेलं दार

विद्यापीठात तिला सगळे कुलूपबाई म्हणत, आणि हे नाव ठेवलं होतं तिच्या सख्ख्या थोरल्या भावानं. दादा तिथेच रोगजंतूंवर संशोधन करणारा नावाजलेला प्राध्यापक. ही मात्र प्राध्यापकांना आपलं संशोधन सांभाळायचं कसं, ते शिकवणारी. अनोळखी पाहुण्याला प्रयोगशाळा दाखवू नका. आपल्या कार्डानं दुसऱ्याला आत घेऊ नका. आणि जंतूंच्या खोलीतला भोंगा वाजून दार बंद झालं, की पहारेकरी येईपर्यंत ते बाहेरून उघडू नका, आत कोणीही असो.

वर्गात मंडळी मोबाइल चाळत बसायची. दादा तर उघड उघड जांभया द्यायचा. "छोटे, माझे जंतू काय कोणी खिशात घालून नेणार आहे?" असं विचारून सगळ्यांना हसवायचा. ती रागानं लाल व्हायची, पण शिकवणं सोडायची नाही.

विद्वान माणसाला फसवायला फार काही लागत नाही. त्याचा लेख मन लावून वाचलेला एक माणूस पुरतो. असाच एक गृहस्थ दादाकडे आला. ज्या लेखाला कुत्रंही विचारत नव्हतं, त्यातल्या तळटिपासुद्धा त्याला तोंडपाठ होत्या. दादा हरभऱ्याच्या झाडावर असा चढला, की चहा संपताच आपलं कार्ड लावून पाहुण्याला थेट जंतूंच्या खोलीत घेऊन गेला.

शेजारच्या खोलीत कुलूपबाईचा वर्ग चालू होता. भोंगा कोकलला तशी ती धावली. दाराच्या काचेतून आतलं सगळं दिसत होतं. पाहुण्याच्या एका मुठीत फ्रीजरमधली जंतूंची कुपी होती आणि दुसऱ्या हातातल्या लोखंडी स्टँडनं तो दादाला झोडपत होता. दादाचा जबडा एकीकडे लोंबत होता. तो रांगत दाराशी आला, तर त्या माणसानं केस धरून त्याचं तोंड काचेवर आपटलं. पुन्हा आपटलं. काच लाल झाली.

"छोटे! उघड!" दादा तुटक्या जबड्यानं बोबडं ओरडला. "मारतोय गं मला! उघड!"

दार उघडायचं बटण तिच्या हाताशी होतं. पण तिच्या मागे बोळात सगळा वर्ग येऊन उभा होता, आणि ती कुपी बोळात फुटली असती तर रोग गावभर गेला असता. तिनं दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले. मागून कोणीतरी बटणाकडे हात नेला, तेव्हा तिनं त्या हाताला कडकडून चावा घेतला. आत स्टँडचं टोक दादाच्या डाव्या डोळ्यात घुसलं. ती बघत होती. तिला नजर वळवता आली नाही.

पहारेकरी मास्क चढवून धावत आले. त्यांनी त्या माणसाला गुरासारखं बडवलं आणि बोटं मोडून मुठीतली कुपी काढली. कुपी शाबूत होती. डोळा गेला.

दवाखान्यात वहिनीनं सगळ्यांदेखत तिच्या थोबाडीत दिली. "सख्खा भाऊ गं तुझा! बटणाकडे हात कसा गेला नाही?" दादाचा जबडा तारांनी बांधलेला होता. ती दिसली की तो भिंतीकडे तोंड फिरवायचा. तारा निघाल्या तरी तो तिच्याशी बोलला नाही. ती घरी भांडी घासताना रडायची आणि कामावर पुन्हा तेच नियम शिकवायची.

मग एकदा वर्गात दादा येऊन मागे बसला. ती दाराच्या नियमाशी आली आणि कुणीतरी विचारलंच, "मॅडम, आपलं माणूस आत असेल तर?"

तिचे दोन्ही हात पुन्हा काखेत गेले.

"नाही उघडायचं," मागून दादा वाकड्या जबड्यानं म्हणाला. "त्यानं कुपी उचलली तेव्हा तो भोंगा मीच वाजवला होता. हिनं शिकवलं होतं म्हणून. मग मार बसायला लागला आणि मीच घाबरून उघड उघड ओरडलो." तो तिच्याकडे एका डोळ्यानं बघत राहिला. "शिकव गं छोटे, पुढचं सांग."