पोपटांचा सागवानी पिंजरा

लढाईच्या सालांत आमच्या शहापूरकडे एक जंगलचा शिपाई होता. बाईच्या डोक्यावर मोळी दिसली की तो आडवा यायचा. तोंडाकडे कधी बघायचा नाही, मोळीकडे बघूनच बोलायचा, "सरकारचं हाय, बाय, खाली ठेव." घरी मात्र त्याने तीन पोपट पाळले होते. छोट्या पिंजऱ्यात त्यांना पंख पसरता येत नाहीत म्हणून त्याने जप्तीच्या सुक्या सागाचा माणूसभर उंच पिंजरा ठोकला. माझी बायको त्याला तोंडावर बोलली, "आमाला चुलीला काटकी नाय, नि तुज्या पोपटांना महाल का रे?" 

श्रावणात ती गेली. मसणात लाकडं भिजलेली आणि लढाईमुळे रॉकेल कुठे मिळत नव्हतं. चिता तीनदा पेटवली, तीनदा विझली. माझ्याच्याने बघवेना. तेवढ्यात हा त्या पिंजऱ्याच्या फळ्या डोक्यावर घेऊन चिखलातून आला. पोपट परत छोट्या पिंजऱ्यात कोंबून आला होता. "घ्या दादा, सुकं हाय," एवढंच बोलला. मग चिता धडाडून पेटली.

तेरावं झाल्यावर मी रानातून सागाच्या चार दांड्या तोडल्या आणि भर दिवसा त्याच्या अंगणात, पोपटांच्या छोट्या पिंजऱ्यापुढे नेऊन टाकल्या. त्याने वाकून पाहिल्या.

"कुठून तोडल्या?"

"तुला काय माहीत नाय?"

"चोरीचा माल हाय, दादा. जप्त करतो," तो म्हणाला आणि करवत आणायला आत गेला.