भाईदासची चार इंची भिंत

रनाळ्याच्या भाईदास गवंड्याला आपल्या हाताची घमेंड भारी. लेक गायत्री पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार, तर या बाबाने दिवाळीआधी घराची उत्तरेकडची दोन फुटी दगडमातीची भिंत पाडली आणि चार इंची विटांची उभी केली. खोली दीड फुटाने मोठी झाली. वर गुलाबी रंग! व्याह्यांकडेही असलीच जाड भिंत. नातू घरी यायच्या आत तीही पाडून देतो, असा शब्दही देऊन बसला. विहीण दगूबाई हरखली.

नातू पौषात जन्मला, जेमतेम सव्वादोन किलोचा. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, ऊब सांभाळा, पण बंद खोलीत शेगडी नको. पहाटे भाईदासने बाळाच्या पावलांना हात लावला. गार. नव्या भिंतीला लावला, ती त्याहून गार. स्वयंपाकघराची जुनी भिंत मात्र कालची धग अजून पोटात धरून होती. पण तिथे चुलीचा धूर, तिथे बाळंतीण ठेवणार कशी?

झालं, जिवाला घोर लागला. घास गिळवेना, एका जागी बसवेना. घटकाघटकेला आत जाऊन भिंत चाचपायचा, गोधडी सारखी करायचा, पुन्हा बाहेर. बायको धनुबाई म्हणाली, येरझाऱ्यांनी खोली तापत नाही. मग गडी उठला आणि खळ्यावरच्या कडब्याच्या पेंढ्या आणून बाहेरून भिंतीला पत्र्यापर्यंत रचल्या. गवंड्याने घराला लुगडं नेसवलं म्हणून गल्ली हसली. हसू दे मेली. चौथ्या दिवशी बाळाची पावलं कोमट लागली.

बारशाला व्याही मंडळी आली. पाळणा म्हणून झाला आणि दगूबाईने विचारलं, आमची भिंत कधी पाडता? भाईदास गप्प बसला असता तर अब्रू झाकली राहिली असती. पण सव्वा महिन्याने पोर तिथेच जाणार होतं.

"इहीणबाई, ती भित पाडानी नही. मन्ही चूक व्हयनी."

दगूबाई उठून मागे गेली, कडबा पाहून आली, बाळाचं पाऊल मुठीत धरून बसली.

"ऱ्हाऊ द्या मंग," ती म्हणाली. "आनी भाऊ, तुमनी बी दगडनीच बांधा."

भरल्या घरात कान पिळल्यासारखं झालं त्याला. पण बारा दिवसांत भाईदास त्या दुपारी पहिल्यांदा पोटभर जेवला.