भानुमतीबाईंची एक्सफॅट डिस्क

भानुमती बोरीकरांना टाळी कधी मिळाली नाही. ध्वनीवाल्याला ती मिळत नसतेच. प्रेक्षकाला वीज कडाडलेली ऐकू येते, ती कडाडवणारं बोट दिसत नाही. बाईंची त्याबद्दल तक्रारही नव्हती. टेलिफोन खात्यातली नोकरी सांभाळून उभी हयात त्यांनी अनंतरावांच्या नाट्यसंस्थेला पार्श्वसंगीत दिलं आणि बदल्यात एकच गोष्ट मागितली. तिसऱ्या घंटेआधी, प्रेक्षागृह अंधारलं की नावं पुकारली जातात. त्यात 'पार्श्वसंगीत' या शब्दापुढं आपलं नाव. तेवढं कानावर पडलं की त्यांची बिदागी पोचायची.

गेल्या वर्षीच्या नाट्यस्पर्धेत ते नाव गेलं.

अनंतरावांचा पुतण्या विश्वजित पुण्याहून ध्वनिमुद्रणाचा कोर्स करून आला होता. त्यानं बाईंच्याच लॅपटॉपवर बाईंच्याच डिस्कमधले आवाज लावले. शेंद्र्याच्या कारखान्याची पाळी सुटल्याचा भोंगा, शहागंजात सकाळी वर सरकणारी शटरं, पडेगावच्या माळावरचा वारा. तो वारा पकडायला बाई भर उन्हात तोंडाला पदर बांधून माळावर बसल्या होत्या. नावं पुकारली गेली, तेव्हा 'पार्श्वसंगीत, विश्वजित' असं आलं. बाईंचं नाव सगळ्यांत शेवटी, 'विशेष साहाय्य' या गाठोड्यात, जनरेटरवाला आणि मंडपवाला यांच्या मध्ये. वर पारितोषिकही पार्श्वसंगीतालाच मिळालं, आणि विश्वजित ते घ्यायला पायऱ्या गाळत स्टेजवर धावला.

"भानूताई, पोरांना पुढं करावं लागतं," अनंतराव म्हणाले. "आपलं काय आता, पिकली पानं."

"पिकलं पान आपोआप गळतं, अनंतराव. ते कुणी तोडत नसतं," बाई म्हणाल्या आणि घरी आल्या.

भांडल्या नाहीत. राग त्यांनी मुरत घातला. बरणीला फडकं बांधून, फळीवर ठेवून, अधूनमधून हलवून.

या वर्षी विश्वजित स्वतःच दारात आला. नवीन नाटकाची संहिता हातात, तोंडात साखर.

"मावशी, तुमचे आवाज द्या की. तुमच्या आवाजांची सर कशाला नाही."

"आणि नाव?"

"ते काका बघतील ना. 'विशेष साहाय्या'त तुम्हाला पहिलं घेऊ या वेळेला."

बाईंनी चहात साखर हलवली. नाही म्हटलं असतं तर त्यानं इंटरनेटवरून कुठलाही वारा उतरवला असता आणि कुणाला त्या आठवल्याही नसत्या. "देते," त्या म्हणाल्या. "सगळं क्रमानं लावूनच देते."

"फक्त एक करा, मावशी. मी आता घरी ॲपलचा मोठा मॅक घेतलाय. तुमच्या विंडोजच्या डिस्का त्याच्यावर उघडतात, पण त्यांच्यावर काही लिहू देत नाहीत. मला मिक्सिंग करून त्याच डिस्कवर ठेवायचंय, मॅकमध्ये जागाच उरली नाही. आणि थिएटरात वाजवायचंय संस्थेच्या विंडोज लॅपटॉपवर. दोन्हीकडं चालेल अशी डिस्क द्या."

दुसऱ्या दिवशी बाई शहागंजात सखारामच्या दुकानात उभ्या होत्या. सखाराम कॉम्प्युटरचं सामान विकायचा, आणि गिऱ्हाईक ओळखीचं असलं की त्याच्या जिभेला सुटी नसायची.

"काकू, नवी डिस्क कशात फॉरमॅट करून देऊ? घर एकच, पण त्यात सामान कसं मांडायचं त्याची रीत वेगवेगळी. विंडोजची रीत एनटीएफएस. मॅकवाला त्या घरात डोकावतो, पण त्याला वस्तू ठेवू देत नाय."

"मॅकच्या रीतीनं केली तर?"

"मग विंडोजला दारच दिसत नाय. एक जुनी रीत हाय दोन्हीकडं चालणारी, पण मोठी फाईल तिच्या घशाखाली उतरत नाय."

"माझ्यात तालमीचं आख्खं चित्रीकरण आहे एका फाईलमध्ये."

"मग ती नक्कोच. मॅकवर एनटीएफएस लिहायचं सॉफ्टवेअर विकत मिळतंय, ते घ्या म्हणावं."

"तो घेणाऱ्यातला नाही."

"मग एक्सफॅट. दोघांना चालतंय, मोठी फाईल बी चालतीय. पण एक सांगतो काकू, लई नाजूक असतीय. एनटीएफएस आपण काय करायलो त्याची नोंद ठेवतंय. मधीच वायर निघाली तरी बहुतेक वेळा सावरून घेतंय. एक्सफॅटला तसला आधार नाय. कॉम्प्युटरला आधी सांगायचं, डिस्क काढायलोय म्हणून, आणि मगच वायर काढायची. न सांगता उपटली तर समदं जाऊ शकतंय. ज्याला देणार त्याला एवढं सांगा."

बाईंना हे ठाऊक होतं. त्यांना दुसरंही एक ठाऊक होतं. गेल्या वर्षी विश्वजित त्यांची डिस्क मुळा उपटावा तशी उपटायचा. त्यांनी दरवेळी टोकलं होतं आणि तो दरवेळी हसला होता. "मावशी, तुमचा जमाना गेला तो. आता असं काही होत नसतं." ती डिस्क एनटीएफएसची, म्हणून निभावली होती. त्याला वाटलं, आपलंच खरं.

"एक्सफॅटच कर," बाई म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी आवाज भरले, एकही कमी केला नाही, एकही बिघडवला नाही. अशा कामात खोट ठेवणं त्यांच्या हाताला जमलंच नसतं. डिस्क नीट रुमालात गुंडाळून विश्वजितला दिली.

"दोन्हीकडं चालेल ना?"

"दोन्हीकडं चालेल."

पुढचं वाक्य त्यांच्या ओठांपर्यंत आलं. त्यांनी ते गिळलं, आणि गोड लागलं.

स्पर्धेच्या दुपारी बाई तिसऱ्या रांगेत बसल्या. अंगावर ठेवणीतली इरकली, मांडीवर पर्स. दुसरी घंटा झाली, दिवे उतरले. आता नावं यायची. विश्वजितनं ती आपल्याच आवाजात आधी मुद्रित करून त्याच डिस्कवर ठेवली होती. अंधार लांबला. कुणीतरी खोकलं. मागून एकानं "आवाज" अशी हाळी दिली. बाई ताठ बसून राहिल्या आणि ती शांतता घोटाघोटानं पीत राहिल्या.

अनंतराव वाकून वाकून रांगेतून आले. कपाळावर घाम.

"भानूताई, चला. डिस्क उघडेना. लॅपटॉप म्हणतोय, फॉरमॅट करायची का."

"मग करा की. कोरी होईल."

"टोमणे नंतर मारा हो. परीक्षक घड्याळ बघायलेत. स्वरदा एन्ट्रीसाठी पडद्यामागं उभी आहे, तिचा सगळा पहिला प्रवेश तुमच्या वाऱ्यावर आहे."

बाई उठल्या, पण सावकाश. ध्वनिकक्षात विश्वजित वायर काढत होता, घालत होता.

"उपटलीस ना सकाळी?" बाईंनी विचारलं.

"घाईत होतो. तुम्ही सांगितलं नाही, मावशी."

"गेल्या वर्षी सांगितलं. तेव्हा तू हसलास. यंदा म्हटलं, पोराचं हसणं कशाला मोडा." त्यांनी पर्समधून आपली डिस्क काढली. "यात सगळं आहे, क्रमानं. ऊठ."

तो उठला. त्या खुर्चीवर बसल्या, कानाला हेडफोन लावले, डिस्क जोडली. भोंगा, शटरं, वारा, सगळं लॅपटॉपवर ओळीनं उभं राहिलं. बाईंनी बोट बटणावर ठेवलं आणि तिथंच ठेवलं.

"लावा आता," अनंतराव म्हणाले.

"नावं राहिली. ती काही माझ्याकडं नाहीत. माईकवर वाचायला लागतील." त्यांनी माईक विश्वजितकडं सरकवला. "तू वाच. आवाज चांगला आहे तुझा."

विश्वजितनं काकांकडं बघितलं. अनंतरावांनी रंगमंचाच्या बंद पडद्याकडं बघितलं. मग मान हलवली.

तो वाचू लागला. लेखक, दिग्दर्शक, नेपथ्य, प्रकाश. तिथं अडला. बाईंचं बोट बटणावर स्थिर होतं. तिसरी घंटा त्यांच्या इशाऱ्याशिवाय होणार नव्हती, आणि पडदा घंटेशिवाय उघडणार नव्हता. भरलेलं प्रेक्षागृह अंधारात वाट बघत होतं.

"पार्श्वसंगीत," तो पुटपुटला, "भानुमती बोरीकर."

बाईंनी एका कानावरचा हेडफोन सरकवला.

"मागच्या रांगेला पोचलं नाही," त्या म्हणाल्या. "परत म्हण."