गुलूबाईंची कुत्री आणि आमचे आप्पा

सत्तरच्या दशकात मी नर्सिंग शिकायला नाशिकला निघाले, तेव्हा आमच्या गावात एसटी येत नव्हती. देवळ्याहून येणारी गाडी पकडायला फाट्यापर्यंत चालावं लागे. माझी पत्र्याची ट्रंक वडलांच्या, म्हणजे आप्पांच्या डोक्यावर होती, आणि मी नव्या चपला हातात घेऊन मागून चालत होते, कारण त्या चावत होत्या. आमचा खंड्या कुत्रा शिवेपर्यंत आला आणि थांबला. पलीकडं दुसऱ्या गावच्या कुत्र्यांचं राज्य होतं. गाडी आली तेव्हा आप्पा खिडकीशी उभे राहून एवढंच म्हणाले, "पोचली की कुणाजवळ तरी निरोप धाड." मी रडले नाही. मला जायचंच होतं. गाव सोडलेली माणसं नंतर सांगत फिरतात की आमचा पाय निघत नव्हता. माझा चांगला निघत होता.

गावी राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, पाय निघाला म्हणजे सगळं निघतं असं नाही, हे मला फार उशिरा कळलं. देवळाली कॅम्पातल्या एका दवाखान्यात नोकरी लागली, लग्न झालं, दोन खोल्यांचं बिऱ्हाड मिळालं. कॅम्पातले रस्ते रुंद, बंगले लांब लांब, आणि तोफांचा सराव सुरू झाला की खिडक्यांची तावदानं थरथरायची. यजमान नाशिकरोडला कारकून होते, ते सात वाजल्याशिवाय परतायचे नाहीत. माझी ड्युटी दुपारी संपे. मग घरात बसून मी काय करायचं? शेजारणी चांगल्या होत्या, पण त्यांच्यातली एक पंजाबी, एक मद्रासी. हसून झालं की आमचं बोलणं संपायचं.

अशात गुलूबाई पाय मोडून माझ्या वॉर्डात दाखल झाल्या. म्हाताऱ्या पारशीण, एकट्या, आणि बंगल्याच्या आवारात टाकून दिलेली कुत्री सांभाळणाऱ्या. कॅम्पातले लोक त्या जागेला कुत्र्यांचा आश्रम म्हणत. एके दिवशी त्या मला म्हणाल्या, "सिस्टर, तुजे पाय तर चांगले हाय ने? मग माज्या कुत्रा लोकला फिरवायला जा." मी गेले, आणि मग रोजच जाऊ लागले. पगार नाही, काही नाही. हातात पट्टा, पट्ट्याच्या टोकाला कुत्रं, आणि कॅम्पातले ते लांबच लांब रस्ते. गावी कुणीतरी हे आईला सांगितलं तेव्हा तिनं विचारलं होतं, "अगं, लोक ढोरं चारायला नेतात, तू कुत्री चारायला नेतीस व्हय?" आईला सांगायचं राहूनच गेलं की त्या कुत्र्यांशी मी आपल्याकडचं बोलायची. दुसरं कुणी ऐकायला नव्हतं.

त्यातली पुष्कळशी कुत्री बदलीची होती. साहेबांची बदली झाली की ट्रकमध्ये सोफा चढे, पंखा चढे, कुंड्यासुद्धा चढत, आणि कुत्रं माळ्याच्या हवाली होई. माळी त्याला गुलूबाईंच्या फाटकाला बांधून जाई. ही कुत्री रस्त्यावरच्या कुत्र्यांसारखी भांडायची नाहीत. गाडीचा आवाज आला की उभी राहायची आणि गाडी पुढं गेली की खाली बसायची.

त्र्याऐंशीच्या सुमाराला आई गेली. मी एकुलती एक. आप्पांना मागं एकटं कसं ठेवायचं? घराला कुलूप घातलं, जमीन वाट्यानं दिली आणि त्यांना कॅम्पात घेऊन आले. तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्याकडं लेकीच्या घरी बापानं किती टेकायचं. आप्पा खुर्चीत कधी मागं रेलून बसले नाहीत. सकाळी उठून नळाचं पाणी भरायचे, माझ्या हातातला झाडू काढून घ्यायचे. त्याशिवाय त्यांच्या गळ्याखाली चहा उतरत नसे. पानात वाढू तेवढंच खायचे, आणि भूक लागली असं म्हणून त्यांनी कधी काही मागितलं नाही. यजमान जीव तोडून सांगायचे, "मामा, हे तुमचंच घर आहे." त्यावर आप्पा म्हणत, "बरं शे." सगळं बरंच आहे, कशालाही "बरं शे"च. दिवसेंदिवस ते वाळत चालले होते. मी नर्स होते, मला दिसत होतं की हा माणूस असाच बसून राहिला तर वर्ष काढणार नाही.

म्हणून त्यांना संध्याकाळी बरोबर नेऊ लागले. आधी ते लाजले. धोतर-टोपीतला शेतकरी आणि हातात साहेबाचं कुत्रं! पण तिथंच त्यांना सुलतान भेटला. मोठा, तांबूस, कान पडलेला. त्याच्या घरच्यांची बदली दूर कुठंतरी झाली होती आणि आठवडाभर तो नीट खात नव्हता. आप्पा त्याच्याजवळ उकिडवे बसले, बराच वेळ बसले. मग मला म्हणाले, "बाई, ह्याला आपल्याकडं ठिवू. ह्यो टिकला तर मी बी टिकंन." हे त्यांनी हसत म्हटलं. मला मात्र हसू आलं नाही. गुलूबाईंनी लगेच होकार दिला.

घरी आणल्यावर आप्पांनी आपल्याकडची रीत काढली. नवं जनावर आणलं की त्याला अंगणातल्या चुलीभोवती फिरवायचं, चुलीतली राख कपाळाला लावायची. चूल ओळखली की ते पळून जात नाही. पण माझ्याकडं कुठली चूल? ओट्यावर वातीचा स्टोव्ह होता. आप्पांनी तो उचलून खोलीच्या मधोमध ठेवला आणि पट्टा धरून सुलतानला त्याच्याभोवती फिरवायला लागले. पुढं आप्पा, मागं तो मोठा कुत्रा, आणि मधे रॉकेलचा स्टोव्ह. "राख कुठं हाय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आप्पा, स्टोव्हला राख नसते." मग वातीची काजळी बोटावर घेऊन त्यांनी त्याच्या कपाळाला लावली. यजमान हसू आवरत बाहेर गेले. मी स्टोव्ह परत ओट्यावर ठेवला. पट्टा धरून आप्पाही त्याच स्टोव्हभोवती फिरले होते.

दुसऱ्या दिवशी फिरायला गेल्यावर त्यांनी सुलतानचा पट्टा सोडून दिला. मी ओरडले, तर म्हणाले, "आता नाय जात. चूल दावली त्याला." सुलताननं एकदा आमच्याकडं पाहिलं आणि तो सुसाट सुटला. आप्पा धोतर सावरत मागं पळाले. "यू यूऽ, यू यूऽ" करून त्यांनी सगळा रस्ता डोक्यावर घेतला. सायकलवाले थांबून बघायला लागले. मला माझ्या बापाकडं बघवेना.

सुलतान कुठं गेला असेल हे गुलूबाईंना ठाऊक होतं. "जुना घर. दुसरा कुठे जाणार, बावा?" त्यांनी पत्ता सांगितला. बंगल्याच्या बंद फाटकाशी तो पडून होता. आत नवे लोक राहायला आले होते, दोरीवर त्यांचे कपडे वाळत होते. आतल्या बाई बाहेर येऊन वैतागून म्हणाल्या, केव्हाची हाकलतेय, जातच नाही. आप्पांनी टोपी काढून हातात घेतली. "माय, एक डाव आत जाऊ द्या त्याला. सगळं घर बघू द्या. मग मी नेतो." बाईंना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी फाटक उघडलं.

सुलतान प्रत्येक खोलीत गेला. पलंगाखाली, मोरीत, मागच्या पडवीत. प्रत्येक कोपरा त्यानं हुंगला. आम्ही सगळे दारात उभे होतो. मग तो बाहेर आला आणि आप्पांच्या पायाशी येऊन उभा राहिला. पट्टा बांधताना त्यानं मानही हलवली नाही. परत येताना तो एकदाही ओढून चालला नाही. घरी आल्यावर आप्पांनी त्याला दूधभाकरी कुस्करून दिली, ती त्यानं संपवली.

पण आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. म्हणाले, "मला बी एक डाव घर दाव."

रजा काढून मी त्यांना गावी नेलं. कुलूप गंजलं होतं, दगडानं ठोकल्यावर उघडलं. आप्पा एकेका खोलीत गेले. कांद्याच्या चाळीत डोकावले, आईच्या मांडणीवरून हात फिरवला, माजघरात थोडं थांबले. मी उंबऱ्यापाशीच राहिले. मला वाटलं होतं, ते रडतील, किंवा मी इथंच राहतो म्हणून हटून बसतील. त्यांनी हट्ट केला असता तर मी काय केलं असतं, मला आजही सांगता येत नाही. ते बाहेर आले, कडी लावली, कुलूप घातलं आणि म्हणाले, "चल, गाडी चुकंल." भावकीतल्यांनी चहाला बोलावलं, तर म्हणाले, "नको, घरी जायाचंय." घरी. हा शब्द त्यांनी कॅम्पासाठी पहिल्यांदा वापरला.

कॅम्पात पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. आप्पा हातपाय धुऊन आले, खुर्चीत मागं टेकून बसले आणि म्हणाले, "बाई, लय भूक लागली. वाढ."

यजमानांनी माझ्याकडं बघितलं. इतके दिवस आम्ही दोघं याच शब्दाची वाट पाहत होतो. मी स्टोव्ह पेटवला, पीठ मळायला घेतलं आणि मला रडू आवरेना. माझा बाप टिकला होता, कारण त्याला परत जायला आता कुठंच काही उरलं नव्हतं, आणि ते त्याला मीच नेऊन दाखवलं होतं. भाकरी थापत मी तशीच रडत राहिले.

ते आणखी काही वर्षं जगले. रोज वेळेवर मागून जेवायचे, संध्याकाळी सुलतानला फिरवायचे, आणि शेवटपर्यंत पुन्हा गावाला गेले नाहीत. आधी सुलतान गेला, मग आप्पा.

मी अजून कॅम्पातच आहे. गावी लग्नाकार्याला येते. तुम्ही सगळे माया करता, साडी नेसवता, पंगतीत आग्रहानं वाढता. पानात पडेल ते मी खाते आणि पोट भरलं म्हणते. भरलेलं नसलं, तरी तसंच म्हणते.